आईचं बाळसं

"लेकीच्या आधी आईनंच बाळसं धरलंय की," शेजारच्या गंगूकाकू म्हणाल्या आणि माजघरात बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. हसायचं म्हणजे ओठ ताणायचे, एवढं मला अजून जमत होतं.

माझ्या केतकीचं त्या दिवशी उष्टावण होतं. मामानं भाचीला पहिला घास भरवायचा म्हणून माझा थोरला भाऊ मनोहर मिरजेजवळच्या आमच्या गावाहून इचलकरंजीला आला होता, चांदीची वाटी घेऊन. चैत्रातलं ऊन पत्र्यावर तापत होतं. मागच्या शेडमध्ये आमचे यंत्रमाग खडखडत होते. बायका पदरानं वारा घेत होत्या, आणि मी नवऱ्याचा लोकरी स्वेटर अंगात घालून भिंतीला टेकून बसले होते. तरी पाय गारच होते. बाळंतिणीला वारं बाधतंय, असं माझ्या सासूबाई आल्यागेलेल्यांना सांगत होत्या. आमच्याकडं सासूला आत्ती म्हणतात.

आमच्याकडं आणखी एक आहे. बाई फुगली की तिचं बरं चाललंय असं धरतात. चेहरा भरला, हात गुबगुबीत झाले, बांगड्या रुतायला लागल्या की सासरचं कौतुक होतं. माझ्या बांगड्या रुतल्या तेव्हा आत्तींनी साबण लावून त्या उतरवल्या, कासाराकडून मोठ्या मापाच्या भरून घेतल्या आणि त्याला अभिमानानं सांगितलं, आमच्या सुनेनं अंग धरलंय. मी अर्धी भाकरीसुद्धा संपवत नव्हते. पण ताटात कोण बघतंय, लोक तोंडाकडं बघतात.

मनोहरदादानंही तोंडाकडंच बघितलं. आमची आई लवकर गेली, त्यामुळं माझं कसं चाललंय याची काळजी तो एकटाच करायचा. जाताना म्हणाला, बरं वाटलं बघ तुला बघून, चांगली जाडजूड झालीस. मी मान हलवली. केतकीनं खीर थुंकली तेव्हा सगळे कौतुकानं हसले आणि मी बसल्या जागी झोपून गेले, एवढं मला त्या समारंभाचं आठवतं. जागी झाले तर पोरगी अक्काच्या मांडीवर होती.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुमित्रा. तिच्या लग्नाला तप उलटून गेलं होतं. नवस झाले, डॉक्टर झाले, कूस काही उजवली नव्हती. केतकी माहेरून या घरात आली त्या दिवसापासून अक्का तिचं सगळं करत होती. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट मला दूध आटलं म्हणून स्वतः वाटीत शतावरी कालवून आणून द्यायची आणि मी ती पिईपर्यंत समोर बसून राहायची. मी ती बाजूला ठेवायचे आणि विसरायचे.

थकवा हा शब्द मला आजही पटत नाही. माणूस कामानं थकतो, झोपतो, उठतो तेव्हा ताजा असतो. मी उठायचे तीच दमलेली. लग्न झाल्यापासून बाळंतपणाला जाईपर्यंत मी कांड्या भरायला बसायचे, म्हणजे धोट्यात घालायच्या सुताच्या नळ्या. हात असा चालायचा की मालक म्हणायचे, जरा हळू, मागाला दम घेऊ दे. मालक म्हणजे माझे यजमान, उदय. आता कांडी हातात घेतली की ती कशासाठी घेतली हेच आठवायचं नाही. केस विंचरले की फणीला गुंता यायचा. आवाज घोगरा झाला होता. माहेरी फोन केला की मालक चेष्टेनं म्हणायचे, तुम्हा दोघांत भाऊ कुठला आणि बहीण कुठली तेच कळेना. त्या चेष्टेवरही मी ओठ ताणायचे.

आणि दुःख म्हणाल तर तेही नव्हतं. दुःख झालं असतं तर रडले असते, कुणीतरी विचारलं असतं. मला कशाचंच काही वाटत नव्हतं. केतकी माझ्याकडं बघून हसायची तेव्हा मला कळायचं की आता आईला काहीतरी व्हायला पाहिजे. मी वाट बघायचे. काही व्हायचं नाही.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून लाल गोळ्या दिल्या, टॉनिक दिलं. बाळंतपणानंतर होतं असं थोडं, म्हणाले. थोडं होतं हे खरंच आहे, म्हणून तर कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्ती मात्र हळूहळू चिडायला लागल्या. अंग एवढं धरलंय आणि अंगात काम करायचा जोर नाही, म्हणजे आळसच की, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं.

एक दिवस आत्ती देवळात गेल्या होत्या, अक्का बाजारात. शेडमध्ये माग चालू होते आणि घरात केतकी आणि मीच होतो. मी गॅसवर दूध ठेवलं आणि उंबऱ्यावर टेकले. केतकी वाकळेवर होती. ती पालथी पडली, सरकत सरकत फरशीवर आली, कपाटाचा कोपरा लागला आणि रडायला लागली. मी बघत होते. तिचं तोंड लाल झालं, मग आवाज बसला, मग नुसता श्वास खेचायला लागली. मागं दूध उतू जाऊन करपत होतं, त्याचा वास येत होता. अक्का आली तेव्हा मी तशीच बसलेली होते.

तिनं पिशवी टाकली, पोरीला उचललं, गॅस बंद केला. पोरीच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. तिला छातीशी धरून अक्का माझ्यासमोर उकिडवी बसली.

"वैजू, ऐकू आलं न्हाई तुला?"

मागांच्या आवाजात ऐकू आलं नाही, असं म्हटलं असतं तर कुणीही मानलं असतं. पण खोटं बोलायलाही जोर लागतो.

"ऐकू येत होतं," मी म्हणाले. "उठावंसं वाटलं न्हाई."

अक्का पोरीला घेऊन मागं सरकली. मला वाटतं ती त्या दिवशी पहिल्यांदा मला घाबरली. त्यानंतर पोरीला माझ्याजवळ एकटं कुणी ठेवलं नाही. मला बरंच वाटलं त्याचं.

पोरीला अक्काच्या ओटीत घालायची गोष्ट आत्तींनी काढली. आमच्या नात्यात आधी दोनदा तसं झालेलं होतं, भावाचं मूल भावजयीच्या ओटीत. घरातल्या घरात राहतं, रक्ताचंच असतं, दोन्ही बायांचं भलं होतं, असं त्या मालकांना सांगत होत्या. मी शेजारच्या खोलीतच होते. अक्षय तृतीया तोंडावर आली होती. त्या दिवशी जे द्यावं ते अक्षय होतं, कधी सरत नाही आणि कधी परतही येत नाही, म्हणून आत्तींनी तोच दिवस धरला.

मालक माझ्याजवळ येऊन बसले. ते फारसे बोलके नाहीत. माझा गार हात हातात घेऊन म्हणाले, "तुला नको असलं तर नको म्हण. मी आईला सांगतो. तू म्हणशील तसं."

ते वाट बघत होते. माझ्या एका शब्दावर सगळं अडलेलं होतं, हे मलाही दिसत होतं. पण तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती आणि ती मी कुणालाच सांगितली नव्हती. मी आता फार दिवसांची नाही, असं मला वाटत होतं. आपसूक गेले नाही तर उठण्याएवढं बळ येईल त्या दिवशी मीच उठून कुठंतरी निघून जाईन आणि परत येणार नाही. मरणाऱ्या बाईनं पोरीची सोय लावून जावं. अक्कासारखी सोय कुठं मिळणार होती?

"द्या," मी म्हणाले.

अक्षय तृतीयेला सकाळी देवासमोर पाट मांडला. अक्का नवं लुगडं नेसून पदर पसरून बसली. पदरात तांदूळ, नारळ, खण. आत्तींनी केतकीला माझ्या हातात दिलं आणि रीतीप्रमाणं सगळ्यांसमोर विचारलं, "राजीखुशीनं देतीस न्हवं? कुणी जबरदस्ती केली न्हाई न्हवं?"

"राजीखुशीनं देते," मी म्हणाले आणि पोरीला अक्काच्या पदरात ठेवलं. अक्का हमसून हमसून रडत होती. अक्काचे यजमान, थोरले भाऊजी, तोंड फिरवून उभे होते, मालक शेडमध्ये निघून गेले. मला एवढंच वाटलं की आता जाऊन पडायला मिळेल.

दिलेलं लेकरू परत मागितलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आत्तींनी नंतर सांगितलं. पोरीनं पुढं मला काकू म्हणायचं, तिला काही कळू द्यायचं नाही, असंही ठरलं. मी सगळ्याला हो म्हणाले.

ज्येष्ठात मनोहरदादा सहज म्हणून आला. मी अंधाऱ्या खोलीत स्वेटर घालून पडलेली होते. त्यानं आधी चेष्टा केली, मग जवळ बसून एकेक विचारायला लागला. मी बोलायला इतका वेळ लावत होते की त्याचा पुढचा प्रश्न तोंडातच राहायचा. शेवटी त्यानं विचारलं, केतकी कुठं आहे.

"अक्काची आहे ती आता," मी म्हणाले. "ओटीत घातली."

दादा भांडला नाही. मालकांशी काहीतरी बोलला आणि माझी पिशवी भरली. गाडीत त्यानं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. त्याला वाटलं होतं मला वेड लागलंय. स्वतःची पोर हसत देऊन टाकणाऱ्या बाईला दुसरं काय झालेलं असणार? म्हणून त्यानं मला मिरजेला मनोविकाराच्या डॉक्टरांकडं नेलं, तेही मागच्या गल्लीनं, कुणी ओळखीचं बघू नये म्हणून.

डॉक्टरबाई वयस्कर होत्या, पांढरं पातळ, जाड चष्मा. मी काय सांगते ते लिहून घेत होत्या. झोप किती, भूक किती, मरावंसं वाटतं का. वाटतं, मी म्हणाले. दादा खिडकीबाहेर बघायला लागला.

"मूल केवढं आहे?"

"सातवा संपला. दिलं ते."

त्यांचं लिहिणं थांबलं. त्यांनी चष्मा काढला आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं, तोंडाकडं, भुवयांकडं, हातांकडं. उन्हाळ्यात स्वेटर का, म्हणाल्या. शौचाला होतं का, आवाज पहिल्यापासून असाच आहे का. दादा म्हणाला, न्हाई हो, हिचा आवाज चांगला किनरा होता. मग त्या उठून माझ्या मागं उभ्या राहिल्या आणि गळ्यावर बोटं ठेवून मला गिळायला सांगितलं. लहानशा हातोडीनं घोट्यामागं ठोकलं. माझं पाऊल उडालं आणि सावकाश, अगदी सावकाश, जागेवर आलं. ते त्यांनी पुन्हा एकदा करून बघितलं.

"तुमच्याकडं माग आहेत ना?" त्यांनी विचारलं. "व्होल्टेज कमी आलं की काय होतं?"

"बंद पडत न्हाई माग," मी म्हणाले. "चालतोय. पण कापड बिघडतंय."

"तसं झालंय तुमचं. गळ्यात थायरॉईडची ग्रंथी असते, सगळ्या शरीराला जोर पुरवणारी. तुमची बहुतेक फार मंद झालीय. बाळंतपणानंतर काहीजणींचं होतं. उदास माणसाचं दर वेळी हेच कारण निघतं असं नाही, पण हे तपासल्याशिवाय मी तुम्हाला मनाच्या गोळ्या देणार नाही."

रक्त दिलं. रिपोर्ट आला तेव्हा दादानं त्यांना एकच विचारलं, म्हणजे हिला वेड लागलेलं न्हाई? नाही, त्या म्हणाल्या, रोज सकाळी उठल्या उठल्या अनशापोटी एक गोळी घ्यायची, आयुष्यभर, आणि मधूनमधून रक्त तपासत राहायचं. अंगावर आलंय ती सूज आहे, उतरेल. दादा बाहेर येऊन स्टँडच्या भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडला. ज्या अंगाचं कौतुक करून तो गेला होता ते अंग नव्हतंच, हे त्याला सहन होईना. मी शेजारी उभी होते. मला गाडीत बसायला जागा मिळेल का याची काळजी होती.

गोळी लगेच लागू पडली नाही. पहिले काही आठवडे मला वाटलं, हेही टॉनिकसारखंच. मग एक दिवस उकडायला लागलं आणि मी स्वेटर काढून ठेवला. वहिनीनं भाकरी केली होती, त्या वासानं भूक लागली. बांगड्या मनगटात सैल फिरायला लागल्या. दादा रोज सकाळी गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभा राहायचा आणि चहा तासभर मिळणार नाही म्हणून चिडवायचा, आणि मी त्याला उलट बोलले तेव्हा तो आणि वहिनी एकमेकांकडं बघून हसले. घरात सण असल्यासारखं वाटत होतं त्यांना.

श्रावणात शेजारच्या घरातलं तान्हं रडलं. मी तांदूळ निवडत होते. रडणं ऐकलं आणि मला कळायच्या आत मी उठले होते, सूप सांडलं होतं, मी दारापर्यंत पोचले होते आणि मधल्या भिंतीला हात लावून उभी होते. पलीकडं त्याच्या आईनं त्याला घेतलं असावं, ते गप्प झालं. माझं अंग मात्र थांबेना. छाती दुखत होती. मला उठता येत होतं. मला ऐकू येत होतं आणि मी उठले होते. मग मला केतकीच्या कपाळावरचं टेंगूळ दिसलं, आणि तिचा बसत गेलेला आवाज ऐकू आला, तेव्हा ऐकला होता त्याहून स्पष्ट. वर्षभरात मी रडले नव्हते ते तिथं भिंतीपाशी रडले. वहिनी धावत आली. तिला वाटलं आजार उलटला. मी तिला सांगत होते की मी बरी झाले, मी बरी झाले गं, आणि ती काही केल्या मानत नव्हती.

गणपतीच्या आधी मी इचलकरंजीला परत गेले. वाटेत मला खरंच वाटत होतं की हे अगदी सोपं आहे. मला आजार होता, कागदावर लिहिलेलं आहे, आता औषध आहे. घरात सगळ्यांना आनंद झाला. मालकांनी माझा आवाज ऐकून डोळे पुसले. आत्तींनी मीठमोहऱ्या ओवाळल्या. मी केतकीचं नाव काढलं तेव्हा मात्र त्या उठून आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, अक्षय तृतीयेचं दान आहे ते, तिच्या जिवावर उठू नकोस. मालक म्हणाले, थोडं थांब, माझ्या थोरल्या भावाशी बोलतो. मग थोरल्या भाऊजींशी बोलून आले आणि म्हणाले, दुसरं होईल आपल्याला. त्यांना वाटत होतं ते माझी समजूत काढतायत.

म्हणून मी अक्काकडं गेले. ती वरच्या खोलीत होती. केतकी तिच्या गुडघ्याला धरून उभी राहायला शिकली होती. मला बघून तिनं तोंड पदरात लपवलं. परक्या बाईला बघून लपतात तशी.

मी अक्काचे पाय धरले. सगळं सांगितलं, गळ्यातलं, गोळीचं, डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते.

"राजीखुशीनं देते म्हणालीस," अक्का म्हणाली. "मी कानानं ऐकलं."

"ती मी नव्हते अक्का. तो आजार होता."

"आणि आता बोलतीयास ती गोळी न्हाई कशावरनं?"

अक्का रागानं बोलत नव्हती. ती एका हातानं पोरीच्या पाठीवर थोपटत होती.

"जन्मभर घ्यायची म्हणतीस ती गोळी," ती म्हणाली. "घे बाई, शंभर वर्षं घे. पण एखाद्या दिवशी चुकली, संपली, मिळाली न्हाई, तर या पोरीनं काय करायचं? परत रडून रडून घसा बसवायचा? मी त्या दिवशी यायला अजून उशीर केला असता तर काय झालं असतं, ते माझ्या डोळ्यांपुढनं जात न्हाई, वैजू. तुझ्या जातं का?"

"न्हाई जात," मी म्हणाले.

"मग कसं देऊ तुला?"

त्या वेळी केतकीनं पदरातून तोंड काढलं आणि अक्काची हनुवटी धरून आपल्याकडं वळवली. "आई," म्हणाली. कोवळं, अर्धवट, पण स्पष्ट. अक्कानं डोळे मिटून घेतले. मला वाटतं, मी ते ऐकायला नको होतं असं तिलाही वाटलं असावं. तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं. मी उठले आणि जिना उतरून खाली आले.

दिवाळीनंतर थोरले भाऊजी अक्काला आणि पोरीला घेऊन भिवंडीला गेले. तिथं एका ओळखीच्याच्या कारखान्यात जॉबरची, म्हणजे मागांची देखभाल बघायची, जागा होती. पोर माझ्या डोळ्यांपुढं राहिली तर एक दिवस मी तिला घेऊन पळेन, असं अक्काला वाटत होतं. ते तिचं बरोबर होतं. मी खरंच पळाले असते. शाळेत नाव त्यांचंच लागलं. दुसरं मूल आम्हाला झालं नाही. मी गोळी एकदाही चुकवली नाही, आणि रोज सकाळी ती गिळताना मला एवढंच कळायचं की आता दिवसभर मला सगळं नीट वाटत राहणार आहे. डॉक्टरबाईंनी दिलेल्या औषधात खोट काही नव्हती. फक्त ते औषध घेऊन मी जिथं परत आले तिथं माझं काही उरलेलं नव्हतं.

केतकी सुट्टीत यायची, काकू म्हणायची. गुणाची पोर. तिला माझ्या हातचं मटण आवडतं. तिच्या डोळ्यांत ओळख शोधायची सवय मी केव्हाच सोडली होती.

मागच्या वर्षी तिला कोल्हापूरला नोकरी लागली. पावसाळ्यानंतर अक्काचा भिवंडीहून फोन आला. पोरगी फोनवर धड बोलत नाही, सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत झोपते, जगायचा कंटाळा आलाय म्हणते. स्वतःचे गुडघे धरलेत, येता येत नाही. "तूच जा तिच्याकडं," म्हणाली. "तुला त्यातलं कळतं." इतक्या वर्षांत त्या गोष्टीचा तिनं केलेला तो एकमेव उच्चार.

मी गेले. दार उघडलं आणि केतकीचं तोंड बघितलं, डोळ्यांखालची ती सूज, आणि हात धरला तर गार. मला विचारायचं काही राहिलं नाही. दुसऱ्याच दिवशी तिला दवाखान्यात घेऊन गेले. कोल्हापुरातले ते डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण विचारत होते नेमकं. झोप, भूक, केस, थंडी. केतकी एकेक सांगत होती, सावकाश, शब्दांमध्ये अंतर ठेवून, आणि तो घोगरा आवाज मी बाजूच्या खुर्चीवर बसून ऐकत होते.

"घरात कुणाला थायरॉईडचा त्रास आहे?" डॉक्टरांनी विचारलं. "आईला?"

माझे हात मांडीवर होते. मी ते एकमेकांत घट्ट धरले. अक्षय तृतीयेचा शब्द मोडायचा तर आता, असं मला वाटलं. तिच्या आयुष्यासाठी दिलेला शब्द तिच्या जिवासाठीच मोडला तर त्यात पाप कसलं? मी तोंड उघडलं.

"न्हाई, आईला काही न्हाई," केतकी म्हणाली. "आई एकदम ठणठणीत आहे." मग माझ्याकडं बघून ती दमलेलं हसली. "या काकूंना आहे. पण काकू काय रक्ताच्या नात्यातल्या न्हाईत."

"मग त्याचा संबंध नाही," डॉक्टर म्हणाले. "तरी तपासणी करून घेऊच, लक्षणं तीच दिसतायत." त्यांनी रक्ताची चिठ्ठी लिहून तिच्या हातात दिली. तपासणी होणारच होती. माझ्या बोलण्यावाचून तिचं काही अडलं नाही.